कॉलनीत स्वतःचं घर घेतलंय? मग पहिल्या वर्षात एवढं करून घ्या

आम्ही इंदूरच्या नंदलालपुऱ्यातल्या भाड्याच्या वाड्यातून सुदामा नगरात स्वतःच्या घरात आलो तेव्हा मला वाटलं होतं सुटलो बाई एकदाचे, आता कॉमन नळ नाही, कॉमन जिना नाही, कोणाच्या वाळवणावरून बोलणी नाहीत. कसलं काय. रजिस्ट्री आपल्या नावाची झाली तरी भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागूनच असते, पाण्याची लाइन सगळ्या गल्लीची एक, ड्रेनेजचा चेंबर तीन घरांचा मिळून, आणि गाडी उभी राहते रोडवर. वाड्यात जे डोळ्यासमोर कॉमन होतं ते इथे जमिनीखाली गेलं एवढंच, आणि भांडणं पण तिथूनच वर येतात. पुढे सहा वर्षं मी कॉलनीच्या रहवासी संघाची कोषाध्यक्ष होते, दर दोन दिवसांनी कोणीतरी तक्रार घेऊन आमच्या ओट्यावर बसलेलंच असायचं, त्यातून जे कळलं ते लिहिते आहे. इंदूरच्या हिशोबाने लिहितेय, दुसरीकडे थोडं इकडेतिकडे होईल.

सामान लावायच्या आधी चार घरी जाऊन या. डावीकडचं, उजवीकडचं, समोरचं, आणि मागच्या भिंतीचं. हे मागचं घर सगळे विसरतात कारण त्याचं दार दुसऱ्या गल्लीत असतं, आणि नेमकं त्याच्याच छतावरचं पाणी आपल्या मागच्या अंगणात पडत असतं. मिठाईचा डबा वगैरे काही लागत नाही, जाऊन विचारा की पाणी किती वाजता येतं, चेंबरचं झाकण कुठे आहे, मागच्या पावसात पाणी कुठपर्यंत चढलं होतं. आपल्याकडे कॉलनीत सिंधी, मारवाडी, मालवी, मराठी सगळे मिसळून राहतात, भिया म्हणा भाभीजी म्हणा, माणूस दारातून आत बोलावतोच. आणि हे चार फोन नंबर त्याच दिवशी मोबाइलमध्ये घाला, रात्री दोनला टंकी वाहायला लागते तेव्हा शोधत बसायला नको.

आता पाणी. सगळ्यात जास्त ताप ह्याचाच, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपलं नर्मदेचं पाणी जलूदहून येतं, सत्तरेक किलोमीटरवरून, आणि ते घाट चढवून वर माळव्यात आणावं लागतं, म्हणून बऱ्याच भागांत एक दिवस आड येतं आणि तेही मोजकाच वेळ. मग लोक काय करतात, नळाच्या लाइनीवर डायरेक्ट मोटर लावतात. हे करू नका, आणि शेजारी करत असेल तर गोड बोलून बंद करवा. एक तर मोटर ओढायला लागली की गल्लीच्या शेवटच्या घरी थेंब पोचत नाही, पण त्याहून वाईट म्हणजे लाइन कुठे फुटलेली असेल तर मोटरच्या खेचण्याने आजूबाजूच्या मातीतलं घाण पाणी आत ओढलं जातं, आणि ते फक्त मोटरवाल्याच्या घरी जात नाही, सगळ्यांच्या घरी जातं. त्यापेक्षा रोडच्या लेव्हलच्या खाली हौद करून घ्या, नळाचं पाणी त्यात आपोआप पडू द्या, मग हौदातून मोटरने छतावरच्या टंकीत चढवा. हौदाला आणि टंकीला दोन्हीकडे फ्लोट वाल्व (भरलं की पाणी आपोआप बंद करणारा) लावा, अर्ध्या गल्लीतला चिखल ह्या एका गोष्टीने कमी होतो.

पाणी आलं की पहिली पाच मिनिटं बादलीत घेऊन बघा आणि नाकाला लावा. गढूळ असेल किंवा वास येत असेल तर लगेच दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना फोन करा. फक्त आपल्याकडेच असेल तर बहुतेक आपल्या कनेक्शनचा पाइप गंजलाय किंवा फुटलाय, प्लंबर बोलवा. सगळ्यांकडे असेल तर मेन लाइन, मग नगर निगमच्या (म्हणजे महापालिकेच्या) ३११ ॲपवर फोटो टाकून तक्रार करा, आणि एकाने केली म्हणून बाकीच्यांनी गप्प बसायचं नाही, प्रत्येक घराने आपली वेगळी करायची, तक्रारीचा नंबर एका वहीत लिहायचा, शिवाय पार्षदाला (नगरसेवकाला) आणि झोन ऑफिसला सांगायचं. २०२५ च्या डिसेंबरात इथल्याच भागीरथपुऱ्यात पिण्याच्या लाइनीत घाण पाणी मिसळून लोक दगावले, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. तेव्हापासून आमच्या गल्लीत क्लोरीन तपासायचं किट एकच घेऊन ठेवलंय, थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, आणि लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन नळाशी मिळालं पाहिजे. रंगच आला नाही तर त्या दिवशी सगळ्यांनी पाणी चांगलं खळखळ उकळूनच प्यायचं.

ह्याचाच दुसरा भाग म्हणजे पावसाचं पाणी. छतावरचा पाइप सरळ ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेली इतकी घरं आहेत की विचारू नका. ती लाइन संडास-बाथरूमच्या पाण्याच्या हिशोबाची असते, त्यात जुलैचं एक झड आलं की सगळ्यात उताराच्या घराच्या बाथरूममधून उलटं पाणी वर येतं. आमच्या गल्लीत ज्या काकांकडे हे व्हायचं ते बिचारे दर वर्षी निगमला शिव्या द्यायचे, आणि कारण होतं वरच्या अंगाची पाच घरं, त्यात आमचं पण होतं. मला हे कळायला तीन पावसाळे लागले, लाज वाटते सांगायला. आम्ही पाइप काढून बोरिंगजवळच्या खड्ड्यात सोडला, खड्ड्यात खाली गिट्टी मग रेती भरली, आणि पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडून द्यायला एक वेगळी तोटी ठेवली, कारण छतावरची धूळ आणि कबुतरांची घाण त्याच पाण्यात असते. हिशोब करून बघा, इंदूरला वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर पाऊस पडतो, हजार फुटांच्या छतावरून थोडं वाया गेलं धरून सुद्धा ७०,००० लिटरच्या आसपास पाणी होतं, म्हणजे पाच हजार लिटरचे चौदा टँकर. उन्हाळ्यात टँकरवाल्यासमोर हात जोडताना हा आकडा आठवतो.

भिंतीच्या भेगांवरून तर मी सख्खे मित्र बोलायचे बंद झालेले बघितलेत. शेजाऱ्याने खोदकाम केलं आणि माझ्या भिंतीला भेग पडली, ही तक्रार. कधी खरं असतं, पण आपल्या माळव्याच्या काळ्या मातीचा पण ह्यात मोठा हात असतो. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि मे महिन्यात आक्रसून फाटते, तुमच्या अंगणात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या ह्याच, मग वर उभी असलेली भिंत कशी सरळ राहणार. त्यातून कंपाउंडची भिंत उथळ पायाची, ती सगळ्यात आधी तडकते. ओळखायचं असं की भेगेच्या टोकाला पेन्सिलने आडवी रेघ मारून बाजूला तारीख लिहा आणि वर्षभर बघत राहा. उन्हाळ्यात उघडते आणि पावसात मिटते अशी असेल तर बरेचदा माती, मग घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार देऊन फरशी करा आणि गळका नळ, फुटकं गटार दुरुस्त करा, म्हणजे एकीकडची माती ओली आणि दुसरीकडची कोरडी असं होत नाही. भेग एकसारखी वाढतच असेल तर मात्र भांडायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा, पैसे दोघांनी अर्धे अर्धे घाला, म्हणजे तो जे सांगेल ते दोघांना ऐकावं लागतं.

आणि शेजारी बांधकाम काढणार हे कळलं की त्याच्या कुदळीच्या आधी आपल्या घराचे आतून-बाहेरून फोटो काढा, त्यालाच सोबत घेऊन काढा आणि त्याला पण पाठवून द्या. कोणी राग मानत नाही, उलट त्याचीही सुटका होते. आपण बांधकाम काढलं तर हेच उलट्या बाजूने, शिवाय स्लॅबचा दिवस आधी सांगायचा (दिवसभर मिक्सर घरघरणार, कोणाकडे म्हातारं माणूस असतं, कोणाच्या पोराची परीक्षा असते), हिरवी जाळी लावायची, रेती-गिट्टी नालीवर ओतायची नाही, मलबा निगमला पैसे भरून उचलवायचा. खिडकी आणि छज्जा नक्शात आहे तेवढाच काढा. छज्ज्याचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडलं तर ते भांडण तुमची पोरं वारशात घेतील.

पार्किंगवर फार बोलत नाही, कोणी ऐकत नाही. दारासमोरचा रोड आपल्या मालकीचा नाही, तिथे कुंड्या आणि साखळ्या लावू नका, आणि गाडी चढवायचा रॅम्प नालीवर बांधून नाली बुजवू नका.

कचऱ्याचं इंदूरवाल्यांना काय सांगायचं, २०१७ पासून आपण स्वच्छतेत देशात पहिल्या नंबरावर मिरवतोय. तरी एक सांगते, पाहुणे. पुण्याहून आमची नणंद आली की सगळा कचरा एका पिशवीत बांधून देते आणि गाडीवाला सगळ्यांसमोर परत करतो. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-वेस्ट असे सहा प्रकार गाडीत वेगळे जातात, फ्रिजवर चिठ्ठी लावून ठेवा. ओला कचरा देवगुराडियाच्या प्लांटमध्ये जातो, २०२२ पासून तिथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करायची सोय आहे, त्यावर सिटी बस चालतात. त्यात डायपर गेलं तर काय होईल ते पाहुण्यांना समजावून सांगा, सांगितलं की ऐकतात. (नणंद नाही ऐकत.)

आता पैसे. चौकीदार, बगीचा, गणपतीची वर्गणी, हे सगळं कोणाच्या तरी खिशातून आणि विश्वासावर चाललेलं असतं, आणि विश्वास तीनशे रुपयांवरून तुटतो. आमच्याकडे एका दिवाळीला चौकीदाराच्या बक्षिसाचा हिशोब जुळेना, रक्कम ऐकाल तर हसाल, ४५० रुपये, आणि दोन घरांनी त्यानंतर वर्षभर वर्गणी दिली नाही. नंतर सापडलं, चौकीदाराने स्वेटर घ्यायला आधीच उचल घेतली होती आणि ती मी लिहायची विसरले होते. चूक माझी. त्यामुळे संघ करायचा तर नीट करा, मध्य प्रदेशात १९७३ च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण कायद्याखाली नोंदणी होते, नोंदणी झाली की संघाच्या नावाने बँकेत खातं निघतं. खातं दोन सह्यांचं ठेवा, दहा रुपयांची पण पावती फाडा, आणि महिन्याच्या पाच तारखेला एका पानाचा हिशोब ग्रुपवर टाका, कोणी वाचो न वाचो. कोषाध्यक्ष दोन वर्षांनी बदला. मी सहा वर्षं राहिले ती चूकच होती, लोक मग हिशोब बघणंच सोडून देतात.

व्हॉट्सॲप ग्रुप दोन करा. एकात फक्त सूचना, पाणी येणार नाही, लाइट जाणार आहे, कोणी वारलं, आणि त्यात फक्त अ‍ॅडमिन लिहील. दुसऱ्यात काय ते गुड मॉर्निंग आणि राजकारण करा. पण कोणाची तक्रार कोणत्याही ग्रुपवर टाकायची नाही, घराचा नंबर लिहून तर अजिबातच नाही. तक्रार असेल तर फोन करा, त्याहून बरं म्हणजे ओट्यावर जाऊन बसा. आणि आवाजाचा त्रास असेल तर रात्री अकराला जाऊन दार वाजवू नका, तेव्हा त्यांच्याकडे पाहुणे असतात, माणूस पाहुण्यांसमोर चूक कबूल करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, हा २००० सालचा नियम आहे, पण तो पहिल्याच वाक्यात बाहेर काढू नका. गणपती, गरबा, लग्न ह्यांच्या तारखा आधीच सूचनेच्या ग्रुपवर टाकायची सवय लावली तर निम्मी कटकट होतच नाही.

गल्लीतल्या कुत्र्यांवरून दोन पार्ट्या प्रत्येक कॉलनीत असतात. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी करून कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडतात, त्यामुळे उचलून न्या उचलून न्या म्हणून ओरडण्यात वेळ घालवू नका. सगळ्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस झाली का ते बघा, आणि खायला घालायची जागा संघाने पोरांच्या खेळायच्या जागेपासून आणि शाळेच्या बस थांब्यापासून लांब ठरवून द्यावी, वेळ पण ठरवावी.

वरचा मजला भाड्याने देणार असाल तर भाडेकरूची माहिती पोलीस थाण्यात द्या, आणि त्याला गल्लीत फिरवून त्या चार घरांची ओळख करून द्या, पाण्याचा दिवस आणि कचऱ्याची गाडी समजावून सांगा, नाहीतर त्याच्या चुकांची बोलणी तुम्हालाच बसतात.

शेवटचं म्हणजे किल्ली. लग्नाकार्याला आठ दिवस बाहेर जायचं असतंच, तेव्हा एक किल्ली शेजारी ठेवून जा, पण नुसती देऊ नका. त्यांना आत नेऊन मेन स्विच कुठे, गॅसचा कॉक कुठे, टंकीचा वाल्व कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो ते हाताने फिरवून दाखवा. आमच्या शेजारच्या भाभीजींकडे आमची किल्ली चार वर्षं होती, आणि ज्या दिवशी टंकीचा पाइप फुटला त्या दिवशी त्या आत उभ्या राहून मला पुण्याला फोन करत होत्या की वाल्व कुठाय, आणि मी कार्यालयात, सनईच्या आवाजात, मला त्यांचं काही ऐकूच येत नव्हतं.