शुक्रवारी गेम, शनिवारी कॉम्पिटिशन: शाळेचं चिअर आणि क्लबचं चिअर एकत्र कसं जमवायचं

आधी एक खुलासा करतो, कारण पुण्यातल्या माझ्या आत्याला तीन वर्षं सांगूनही वाटतं की आमची लेक आयपीएलमध्ये बाउंड्रीपाशी नाचतात तसलं काहीतरी करते. तसं नाहीये. इथे टेक्सासमध्ये चिअरचे, म्हणजे चिअरलीडिंगचे, दोन वेगळे संसार आहेत. शाळेचं चिअर म्हणजे शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या (अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे) गेमला साइडलाइनवर उभं राहून अख्ख्या स्टँडला ओरडायला लावायचं, दुपारी पेप रॅली, म्हणजे गेमआधी शाळेत सगळ्यांना जोश आणायचा कार्यक्रम, फुटबॉल संपलं की बास्केटबॉल. क्लबचं चिअर, ज्याला ऑल-स्टार म्हणतात, त्यात कुठल्याच टीमसाठी ओरडायचं नसतं, तोच स्वतंत्र खेळ. साधारण अडीच मिनिटांचं रूटीन, त्यात टंबलिंग (कोलांट्या), स्टंट (एकीला वर उचलणं), पिरॅमिड, जंप, डान्स सगळं कोंबलेलं, समोर जज बसलेले, आणि अवघडपणाच्या लेव्हल १ पासून ७ पर्यंत.

मी कॉलेजात असताना ठाण्यात हंडीच्या खालच्या थरात उभा राहायचो, त्यामुळे मला वाटलं होतं हे आपल्याला कळतं. पण हंडीत एक पोरगा नाही आला तर कुणाचा तरी दुसरा खांदा मिळतोच. इथे स्टंट ग्रुप साधारण चौघींचा, खाली उचलणाऱ्या दोन बेस, मागून आधार देणारी एक बॅकस्पॉट, वर फ्लायर. एक गैरहजर राहिली की उरलेल्या तिघी मॅटवर नुसत्या बसून. म्हणून दोन्हीकडचे कोच हजेरीला इतके कडक असतात, आणि तुमची मुलगी दोन्ही करणार असेल तर सगळी भांडणं या एका गोष्टीवरून होतात हे पहिल्या दिवशीच लक्षात ठेवा. आणि दोन्ही कोच आपापले तास मोजतात, बेरीज कुणीच करत नाही. ती घरी करावी लागते.

१. सही करायच्या आधी दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवा

शाळेच्या ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या, बहुतेक ठिकाणी वसंतात होतात, मार्च-एप्रिलच्या सुमारास. क्लबचं टीम प्लेसमेंट, म्हणजे कोण कुठल्या टीममध्ये हे ठरवणं, मे-जूनमध्ये. म्हणजे शाळेचं कळलेलं असतं तेव्हा क्लबचा फॉर्म समोर येतो, आणि तो बहुतेक वेळा लगेच भरून द्यायचा असतो. आम्ही पहिल्या वर्षी तसाच भरून दिला आणि मग वर्षभर निस्तरत बसलो.

वर्ष साधारण असं जातं. जुलैत शाळेचा समर कॅम्प. जुलै-ऑगस्टमध्ये कधीतरी क्लबचं कोरिओग्राफी कँप, दोन-तीन दिवसांत बाहेरून आलेला कोरिओग्राफर सगळं रूटीन बसवतो आणि त्या दिवशी तुम्ही नसलात तर तुमची जागा मागच्या कोपऱ्यात, हे कुणी तोंडावर बोलत नाही पण होतं तसंच. ऑगस्टच्या शेवटी फुटबॉल सुरू, नोव्हेंबरपर्यंत, आणि शाळेची टीम प्लेऑफला गेली तर डिसेंबरपर्यंतही. नोव्हेंबरपासून क्लबच्या स्पर्धा. जानेवारीत शाळेची खरी गर्दी, यूआयएल (टेक्सासमधल्या शाळांच्या स्पर्धा घेणारी संस्था) स्पिरिट स्टेट चॅम्पियनशिप फोर्ट वर्थला आणि एनसीएची (नॅशनल चिअरलीडर्स असोसिएशन) हायस्कूल नॅशनल्स डॅलसला. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला परत डॅलसलाच एनसीएची ऑल-स्टार नॅशनल्स, तिथे नुसता कन्व्हेन्शन सेंटरच्या पार्किंगमध्ये शिरायलाच जन्म जातो. मग ज्यांना बिड, म्हणजे सीझनच्या शेवटच्या मोठ्या स्पर्धेचं आमंत्रण, मिळालं त्यांना एप्रिलच्या शेवटी ऑर्लँडोला वर्ल्ड्स, किंवा मेच्या सुरुवातीला तिथेच समिट.

कागदावर मांडलं की दिसतं की खरे धोक्याचे तुकडे तीनच आहेत, जुलै-ऑगस्टमधली कॅम्पची टक्कर, नोव्हेंबर (प्लेऑफ आणि क्लबच्या पहिल्या स्पर्धा एकत्र), आणि जानेवारी. बाकीचं वर्ष नुसतं दमवणारं असतं, अशक्य नसतं. आणि हो, गणपती नेमके फुटबॉलच्या ऐन हंगामात येतात. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला लेक यंदा गेमच्या मेकअपमध्येच आली, केसात एवढा मोठा बो, म्हणजे रिबिनीचं फूल. आरती झाली, आजीने प्रसाद दिला आणि विचारलं हे काय डोक्यावर.

२. कॉन्ट्रॅक्ट नीट वाचा, विशेषतः हजेरीचं पान

क्लबच्या कागदात बहुतेक वेळा एक ओळ असते की स्पर्धेच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत एकही प्रॅक्टिस चुकवायची नाही. स्पर्धांच्या तारखा घ्या, प्रत्येकीच्या मागे तेवढे दिवस हायलायटरने रंगवा, मग कळतं की जानेवारी ते मार्च जवळजवळ सगळंच पिवळं आहे. शाळेच्या कागदात बघायचं की गेम चुकवला तर काय होतं, किती डिमेरिट (शिक्षेचे गुण), पुढच्या गेमला बाहेर बसवतात का. दोन्हीकडे एकच प्रश्न लेखी विचारा की दुसऱ्या टीमची कॉम्पिटिशन हे कारण माफ धरता का. 'धरतो' असं तोंडी सांगणारे कोच पुढच्या सीझनला बदललेले असतात, म्हणून लेखी.

आणि मार्कांचं विसरू नका. टेक्सासमध्ये नो पास नो प्ले आहे, ग्रेड ७० च्या खाली गेली की तीन आठवडे गेमला किंवा शाळेच्या स्पर्धेला उतरता येत नाही, सराव मात्र करता येतो. हा नियम शाळेचा. क्लबला तुमची अल्जेब्राची ग्रेड माहीतही नसते, त्यामुळे तिथे पोरगी उड्या मारत असते आणि शाळेत बेंचवर.

३. क्लबमधली टीम एक पायरी खालची घ्या

हे कुणालाच आवडत नाही, पोरीला तर अजिबात नाही. पण ऑल-स्टारमध्ये एलिट, म्हणजे पूर्ण वेळेचा मोठा प्रकार, हा एकच मार्ग नाहीये, प्रेप नावाचा प्रकार आहे, रूटीन छोटं, प्रवास कमी, खर्च कमी, सराव कमी. हायस्कूलच्या पहिल्या वर्षी, जेव्हा शाळा नवी, टीम नवी, अभ्यास नवा, तेव्हा प्रेप किंवा एलिटमधली थोडी खालची लेव्हल घेतली तर काही बिघडत नाही. आमच्या घरी यावरून दोन दिवस अबोला होता. मग तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच हिशोब केला, तो पुढे सांगतो.

४. कोचशी पोरीनेच बोलायचं, आणि सप्टेंबरात

आपल्याकडची सवय म्हणजे आईवडील जाऊन 'जरा सांभाळून घ्या' म्हणणार. इथे ते उलटं पडतं. ईमेल मुलीने लिहायचा, आपण फक्त कॉपीत. मजकूर अगदी साधा, की मी दोन्हीकडे आहे, हे माझ्या तारखांचं कोष्टक, या तीन तारखांना टक्कर आहे, त्यातल्या या दोन मी तुमच्याकडे असेन आणि ही एक नसेन, त्या दिवसासाठी माझी जागा कोण घेणार हे आपण आत्ताच ठरवूया का. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. कोचला तुमची अडचण ऐकायची नसते, त्याच्या फॉर्मेशनमधली मोकळी जागा कशी भरणार हे ऐकायचं असतं. सप्टेंबरात कळलं तर तो वेगळी मुलगी तयार करतो, जानेवारीत कळलं तर चिडतो, आणि त्याचं काही चुकतही नाही.

टक्कर झालीच तर कोण जिंकणार हे आधी ठरलेलं बरं. आमच्याकडे कॉम्पिटिशन गेमच्या वर, गेम प्रॅक्टिसच्या वर, आणि दोन्हीकडे कॉम्पिटिशनच असेल तर ज्यांची तारीख आधी जाहीर झाली ते. होमकमिंगचा, म्हणजे माजी विद्यार्थ्यांसकट सगळं गाव जमतं तो, गेम याला अपवाद, तो कॉम्पिटिशनएवढाच धरायचा. टेक्सासमध्ये होमकमिंग चुकवणं म्हणजे सख्ख्या मावसबहिणीचं लग्न चुकवणं.

५. तासांची बेरीज

हा तो हिशोब. एक सप्टेंबरचा आठवडा घेतला. शाळेत रोजचा चिअरचा पिरियड, आठवड्याचे साधारण ४ तास. दोन दिवस सकाळचा सराव, ३ तास. शुक्रवारची पेप रॅली, बस आणि गेम मिळून ५. जिममध्ये, म्हणजे क्लबमध्ये, मंगळवार-गुरुवार अडीच अडीच म्हणजे ५, रविवारी ३, वर टंबलिंगचा वेगळा क्लास १. झाले २१. पोरगी १४ वर्षांची.

लहान खेळाडूंबद्दल स्पोर्ट्स मेडिसिनवाले एक सोपी मोजपट्टी सांगतात की आठवड्याचे सरावाचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, आणि आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण सुट्टी. म्हणजे आम्ही दीडपट होतो. गंमत अशी की शाळेच्या सरावाला इथे शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला ८ तासांची मर्यादा आहे आणि आमच्या शाळेने ती कधी ओलांडली नाही, जिमचंही एकट्याचं बघितलं तर काही जगावेगळं नव्हतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि पोरगी शनिवारी दुपारी सोफ्यावर बूट घालून झोपलेली.

मग काय काढलं? टंबलिंगचा क्लास फुटबॉल संपेपर्यंत बंद, २० वर आलो. शाळेच्या कोचने एका सकाळची सूट दिली (सप्टेंबरच्या ईमेलची कृपा), साडेअठरा. पुढच्या वर्षी प्रेपमध्ये गेल्यावर आठवड्यातली एक संध्याकाळ सुटली, १६, आणि तोपर्यंत ती १५ ची झाली होती. मोजपट्टीत अजून बसलो नाही पण शाळेचा पिरियड सोडला तर सोमवार पूर्ण मोकळा मिळाला, आणि सोमवारी कुणी कितीही म्हटलं ओपन जिम (ज्याला यायचं त्याने यावं असा मोकळा सराव) आहे तरी जायचं नाही.

झोपेचं वेगळं बघा. या वयात ८ ते १० तास लागतात. शुक्रवारी गेम संपून घरी यायला साडेदहा, मेकअप काढून खाऊन झोपेपर्यंत बारा, आणि शनिवारी कॉम्पिटिशनला सकाळी सातचा कॉल टाइम (हजर व्हायची वेळ). अशा वेळी शाळेच्या कोचला विचारा की हाफटाइमनंतर निघू का. आम्ही एकदा विचारलं, हो म्हणाले. विचारायला आम्हाला एक वर्ष लागलं.

६. जमीन बदलते, अंग तेच असतं

क्लबमध्ये स्प्रिंग फ्लोअर, खाली स्प्रिंगा, पोरी उडतात. शाळेत जिमच्या कडक लाकडी जमिनीवर पातळ मॅट, ज्याला डेड मॅट म्हणतात, आणि गेमला तर गवत किंवा टर्फ. क्लबमध्ये सहज येणारी टंबलिंग शाळेत त्याच दिवशी मारायला गेली की घोटा आणि मनगट बोलायला लागतात. त्यामुळे शाळेत एक पायरी सोपी टंबलिंग करायची, हे कोचला स्पष्ट सांगायचं. भूमिकाही बदलते. आमची शाळेत फ्लायर आणि क्लबमध्ये बॅकस्पॉट, कारण क्लबमध्ये तिच्यापेक्षा छोट्या मुली आहेत. दिवसा वर चढायचं, संध्याकाळी दुसरीला उचलायचं, तर पाठ आणि खांद्यांचे व्यायाम रोज दहा मिनिटं तरी घरी.

दुखणं दोन्हीकडे सांगायचं. लेकीचं मनगट दुखत होतं तेव्हा तिने क्लबला सांगितलं आणि शाळेला नाही, कारण शाळेत जागा जाईल अशी भीती. परिणाम असा की क्लबमध्ये विश्रांती आणि शाळेत रोज हँडस्प्रिंग, पंधरा दिवसांत बरं होणारं दीड महिना चाललं. आणि डोक्याला मार लागला तर त्यात तडजोड नाही. शाळा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय परत घेत नाही, तीच चिठ्ठी त्याच दिवशी जिमला पाठवा आणि हळूहळू परतायचा जो क्रम डॉक्टर सांगतील तो दोन्हीकडे एकच. घसा हेही अंगच आहे, शुक्रवारी चार क्वार्टर ओरडून शनिवारी बोलता येत नाही.

७. गाडी, डबा, दोन बॅगा

बॅगा दोनच ठेवा, रंग वेगळे. शाळेचा बो क्लबच्या बॅगेत गेला की कॉम्पिटिशनच्या सकाळी घरात जो कल्ला होतो तो मी लिहीत नाही. बूटही दोन जोड, टर्फवरचे मॅटवर चालत नाहीत. गाडीत सुई-दोरा, सेफ्टी पिना, केसाच्या पिना, स्प्रे, जास्तीचे मोजे.

डबा असा हवा की चमचा लागू नये आणि गाडीत सांडू नये. थालीपीठ गुंडाळून, पोळीचा भाजी घालून रोल, तिखटमिठाच्या पुऱ्या. दही-भात एकदाच दिला. शाळा सुटल्यापासून जिमपर्यंत पन्नास मिनिटं ट्रॅफिक, त्यातली पंधरा खाण्यात आणि उरलेली अभ्यासात, असं आम्ही म्हणतो, ती फोनवर असते. कारपूल जमला तर सोन्याहून पिवळं.

८. पैसे

थोडक्यात, क्लबचं वर्षाचं बिल काही हजार डॉलरचं असतं आणि फीच्या आकड्यात सगळं नसतं. युनिफॉर्म, कोरिओग्राफी, म्युझिक, स्पर्धेची फी वेगळी विचारा. काही स्पर्धांना त्यांनी सांगितलेल्याच हॉटेलात राहावं लागतं, नातेवाइकाचं घर शेजारी असलं तरी. बिड मिळालं तर ऑर्लँडोची विमानं, त्याचे पैसे सुरुवातीपासून बाजूला काढा, कारण मार्चमध्ये बिड मिळाल्याच्या आनंदात रडणाऱ्या पोरीला 'बघू' म्हणता येत नाही. शाळेचा खर्च त्यामानाने कमी, पण कॅम्प आणि युनिफॉर्म मिळून तोही खिशाला लागतोच.

९. दोन्हींतलं एक सोडायचं असेल तर

मधेच सोडू नका, त्या उरलेल्या तिघी आठवा. सीझन पूर्ण करा आणि निर्णय मेमध्ये घ्या, तोही स्पर्धा हरल्याच्या आठवड्यात नाही. लक्षणं ओळखू येतात. गाडीत बसायच्या आधी पोट दुखणं, ग्रेड उतरणं, एकीकडच्या मैत्रिणींची नावं घरात ऐकू न येणं. आमच्याकडे तिसरं लक्षण दिसलं होतं, क्लबबद्दल, फेब्रुवारीत. आम्ही काहीच बोललो नाही. समिट झालं, नवीन प्लेसमेंटला अजून दोन आठवडे होते, ती रोज अकरापर्यंत झोपली. फॉर्म आला तेव्हा तिने आम्हाला न विचारता शाळेचं कॅलेंडर फ्रिजवरून काढलं, टेबलावर त्याच्या शेजारी ठेवलं, आणि हायलायटर कुठेय म्हणून ओरडली.