टेम्पीत नव्याने येताय? आधी 'ए'ची टेकडी समजून घ्या

टेम्पीच्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात शिकायला आलेली आपली मुलं भाडं, सिमकार्ड, बँक खातं याबद्दल भरपूर विचारतात. ते सगळं आठवड्याभरात मार्गी लागतं. स्टेडियमला लागून असलेल्या टेकडीबद्दल मात्र कोणी विचारत नाही, आणि दरवर्षी कोणीतरी तिथेच चक्कर येऊन बसतं.

टेकडीचं नाव हेडन ब्यूट. गावात सगळे 'ए माउंटन' म्हणतात. उतारावर साठ फुटी सोनेरी 'ए' आहे. १९१८ साली तिथे 'एन' होता, कारण तेव्हा हे विद्यापीठ म्हणजे शिक्षक घडवणारी नॉर्मल स्कूल होती. मग संस्थेचं नाव बदलत गेलं तसा 'टी' आला, १९३८ मध्ये 'ए'. १९५२ मध्ये तो स्फोटाने उडवला गेला. आजचा लोखंडी सळ्यांचा, काँक्रीटचा 'ए' १९५५ चा.

आता पाणी. पर्वती रोज चढणाऱ्याला ही जेमतेम शंभर मीटरची चढण किरकोळ वाटते आणि तिथेच घात होतो. ऑगस्टमध्ये पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो. हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही, दंडावर फक्त मिठाची पांढरी पूड उरते. तहान लागेपर्यंत थांबू नका. माणशी दोन लिटर पाणी, डोक्यावर टोपी, आणि चढायचं ते सूर्योदयाला. दुपारी नाही. मित्र कितीही म्हणाले तरी दुपारी नाही. विमानातून उतरून दोनच दिवस झाले असतील तर सकाळीही नाही.

सत्र सुरू होताना नवे विद्यार्थी सोनेरी 'ए'ला तेवढ्यापुरता पांढरा रंग देतात. जरूर जा. पदव्युत्तर शिक्षणाला आलोय म्हणून मागे राहू नका, बिनदिक्कत विचारा. आपली मुलं चौघं मिळून एक घर घेतात, एकाच दुकानातून डाळ-तांदूळ आणतात आणि दोन वर्षांत एकाही इथल्या मुलाच्या घरी जेवत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. रंगाची बादली हातात असली की इंग्रजी अडखळलं तरी ओळखी होतात.

नोव्हेंबरच्या सुमारास याच राज्यातल्या टूसॉनच्या विद्यापीठाशी अमेरिकन फुटबॉलचा सामना असतो. त्याआधी मुलं रात्रंदिवस 'ए'वर पहारा देतात, कारण टूसॉनवाले येऊन तो लाल-निळा करून जातात. त्यांच्याही डोंगरावर 'ए' आहे, १९१६ पासूनचा. त्या आठवड्यात लाल शर्ट घालून कॅम्पसवर फिरू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगते. टेकडीच्या खडकांवर इथल्या प्राचीन होहोकाम लोकांनी कोरलेली शेकडो वर्षांपूर्वीची चित्रं आहेत. आपल्या गडांवर नावं कोरण्याची जी घाण सवय आहे, ती इथे आणू नका. चित्रांना हातही लावू नका. बोटांचं तेल दगडाला बाधतं.

लाइट रेलने मिल अव्हेन्यू–थर्ड स्ट्रीटला उतरा, जुन्या पिठाच्या गिरणीजवळून वाट वर जाते.