चार गाणी, मोजके साउंड आणि मधोमध आवाज: मिनिमल सोल ईपी घरच्या घरी कसा करायचा

तुम्ही गाणी लिहिता, स्वतःच गाता, लॅपटॉपवर थोडंफार प्रोडक्शन पण जमतं, आणि तुम्हाला तो मोकळा, हळवा इलेक्ट्रॉनिक साउंड आवडतो, म्हणजे खाली एक खोल बेस, वर इलेक्ट्रिक पियानोचे दोन-चार कॉर्ड आणि अगदी कानाजवळ गाणारा आवाज, तर हे तुमच्यासाठी आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो: मिनिमल गाणं मिक्सिंगला बसल्यावर ट्रॅक म्यूट करत करत बनत नाही. चाळीस ट्रॅकच्या गाण्यातले तीस काढले की अर्धवट गाणं हातात येतं, कारण ते सगळे एकमेकांच्या आधाराने लिहिलेले असतात. काय ठेवायचं आणि काय अजिबात घ्यायचं नाही हे गाणं लिहितानाच ठरवावं लागतं.

आणि मी तर म्हणतो एका गाण्यापुरतं नको, अख्ख्या ईपीसाठी (सिंगलपेक्षा मोठं, अल्बमपेक्षा छोटं रिलीज) ठरवा. एक कागद घ्या आणि सहा-सात साउंड लिहा, बस. एक कीबोर्ड (ऱ्होड्ससारखा इलेक्ट्रिक पियानो किंवा साधा दबका पियानो), एक सब बेस (ऐकण्यापेक्षा जाणवणारा अगदी खालचा बेस), एक किक (ड्रमचा खालचा ठोका), एक रिमशॉट किंवा टिचकी, हाय-हॅटच्या जागी काहीतरी खरखरीत, एक पॅड (मागे लांब पसरून राहणारा साउंड), आणि तुमचा आवाज. चारही गाणी याच्यातच करायची. नवीन प्लगइन (साउंड किंवा इफेक्ट देणारं सॉफ्टवेअर) उघडायचा मोह होणारच, पण चार गाण्यांत तोच पियानो, तीच किक ऐकू आली की ऐकणाऱ्याला ती चारही गाणी एकाच खोलीतली वाटतात, आणि छोट्या रिलीजची खरी ताकद तीच आहे. ब्रिटिश गायक-प्रोड्यूसर जेम्स ब्लेकने २०११ मध्ये पहिला अल्बम काढायच्या आधी २०१० या एकाच वर्षात तीन ईपी काढले, एकात दुसऱ्यांच्या गाण्यांतले कापलेले आवाज, एकात मुख्यतः पियानो आणि स्वतःचाच मोडतोड केलेला आवाज, म्हणजे प्रत्येकाचं जग वेगळं पण आतून एकसंध. वेळ मिळाला तर ऐका तसेच क्रमाने, खूप शिकायला मिळतं.

किती गाणी? ॲपल म्युझिकच्या हिशोबात ४ ते ६ गाणी आणि एकूण ३० मिनिटांच्या आत असेल तर तो ईपी, आणि तीनच गाणी असतील आणि प्रत्येक १० मिनिटांपेक्षा छोटं असेल तर ते सिंगल म्हणून लागतं. चार गाणी, पंधरा-सोळा मिनिटं, माझ्या मते हा आकडा बरोब्बर आहे.

आता लॅपटॉप बंदच ठेवा. गाणं आधी आवाज आणि एका वाद्यावर पूर्ण करा, मुखडा, अंतरे, शेवट सगळं. फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका, मधेच कंटाळा येत असेल तर तो कंटाळा बीट टाकून जाणार नाही, उलट या प्रकारात तो जास्त दिसतो कारण लपायला जागाच नसते. शब्द कमी ठेवा, ओळी छोट्या, आणि ओळ संपल्यावर श्वासाला जागा, कारण त्याच जागेत पुढे बेस बोलणार आहे.

पट्टी ठरवताना दोन गोष्टी एकदम बघायच्या आणि हे बरेच जण करत नाहीत. पहिली म्हणजे अर्थातच आवाज: या गाण्यात तुम्ही जोरात नाही तर जवळून गाणार आहात, त्यामुळे नेहमी स्टेजवर गाता त्यापेक्षा एक-दोन सूर खालची पट्टी बहुतेक वेळा बरी पडते. दुसरी म्हणजे बेस. पांढरी तीनचा (म्हणजे ई) खालचा सूर साधारण ४१ हर्ट्झवर येतो, पांढरी पाचचा (जी) ४९, पांढरी सहाचा (ए) ५५, आणि सब बेससाठी हीच सोन्याची जागा आहे. पांढरी एक (सी) घेतलीत तर तुमच्यापुढे ३३ हर्ट्झ किंवा ६५ हर्ट्झ असे दोनच पर्याय, त्यातला पहिला बऱ्याच स्पीकरवर ऐकूच येत नाही आणि दुसऱ्याला ती पोटातली खोली नाही. म्हणून आवाज दोन पट्ट्यांत सारखाच छान बसत असेल तर बेसला आवडेल ती घ्या. पण भांडण झालंच तर आवाज जिंकणार, यात चर्चा नाही.

कॉर्डच्या बाबतीत एक युक्ती जी मला फार आवडते: मूळ स्वर बेसला देऊन टाका आणि पियानोवर तो वाजवूच नका. ए मायनर नाइन घ्या, बेसवर ए, आणि पियानोवर फक्त सी, ई, जी, बी. आता पुढचा कॉर्ड एफ मेजर नाइन, बेसवर एफ, पियानोवर सी, ई, जी, ए. बघा काय झालं, पियानोत फक्त एक बोट हललं, बी चा ए झाला, बाकी तीन स्वर तिथेच थांबले, पण खाली बेस हलल्यामुळे अख्खा मूड बदलला. सोलचा तो ओलावा इथूनच येतो, कमीत कमी हालचाल आणि खालून बदलणारा अर्थ. दोन-तीन कॉर्डमध्ये अख्खं गाणं निभावतं, बदल आवाजाने करायचा.

टेम्पो ६५ ते ८० बीपीएमच्या आसपास ठेवा. किंवा प्रोजेक्ट १४० वर ठेवून हाफ टाइम वाजवा, म्हणजे ठेका ७० चा वाटतो पण हॅटला बारीक मात्रा मिळतात. ड्रमसाठी रोलँड कंपनीची टीआर-८०८ ही ड्रम मशीन किंवा तिचे सॅम्पल हा जुना आणि अजूनही भारी पर्याय. मशीन आली १९८० मध्ये, बंद झाली १९८३ मध्ये, आणि तिची लांब घुमणारी किक अजून सगळीकडे आहे. तीच किक लांब ठेवून गाण्याच्या सुरात ट्यून केली की बेसचं कामही तीच करते, म्हणजे कागदावरचा एक साउंड वाचला. ट्यून मात्र कराच, बेसुरी किक गर्दीच्या गाण्यात खपून जाते, इथे नाही खपणार. आणि सगळं ग्रिडवर (सॉफ्टवेअरच्या मात्रांच्या रेघांवर) चिकटवू नका, रिमशॉट दहा-वीस मिलीसेकंद उशिरा येऊ द्या, प्रत्येक हिटची व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) थोडी वेगळी ठेवा, नाहीतर गाणं श्वास घेत नाही.

आता आवाज, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, खरंच.

महागडा माइक नसला तरी चालतो पण शांत खोली लागतेच. पंखा, एसी, फ्रिज बंद, खिडक्या बंद, मागे-पुढे जाड रजया किंवा कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट. तोंड माइकपासून १० ते १५ सेंटीमीटरवर, मधे पॉप फिल्टर. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या) माइकच्या इतकं जवळ गेलं की आवाजातला खालचा भाग आपोआप फुगतो, त्याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात, आणि या प्रकारच्या गाण्यात तो ऊबदारपणा आपल्याला हवाच असतो, फक्त अंतर हलवू नका नाहीतर प्रत्येक ओळीचा रंग वेगळा येईल. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि गेन इतका ठेवा की मोठ्यातली मोठी जागा सुद्धा उणे १० डीबीच्या आसपास राहील. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधला बफर ६४ किंवा १२८ सॅम्पलवर आणा म्हणजे हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येणार नाही, मागून आला की सूर आणि लय दोन्ही बिघडतात.

गाताना समोर एकच माणूस बसलाय असं समजून गा. हळू गायचं म्हणजे निर्जीव गायचं असं नाही, पोटातून आधार तोच ठेवायचा, फक्त हवा कमी सोडायची. चार-पाच टेक पूर्ण गा, ओळी-ओळींनी पंच इन (मधेच तेवढीच ओळ परत रेकॉर्ड) करत बसू नका, मग त्यातून चांगल्या ओळी निवडून एक टेक जोडा. निवडताना सुरात कुठली आहे हे नंतर बघा, आधी खरी कुठली वाटते ते बघा. सूर दुरुस्त करायचाच असेल तर हाताने, एकेक स्वर उघडून, आणि मींड आणि हरकतींना हात लावू नका. ऑटोट्यून (सूर आपोआप दुरुस्त करणारा इफेक्ट) जोरात लावला की तो पहिली मींडच खातो, आणि सोल गाण्यात दोन स्वरांच्या मधे जे घडतं तेच तर गाणं असतं. (कडक ऑटोट्यून मुद्दाम रंग म्हणून वापरायचा असेल तर बिनधास्त वापरा, पण मग तो ठरवून, एका गाण्यात, मोठ्याने.) श्वास कापू नका, चार-पाच डीबी खाली आणा, बास.

मग त्याच खोलीत, त्याच दिवशी, आणखी अर्धा तास काढा आणि नुसते आकार, म्हणजे शब्दांशिवाय 'आ', रेकॉर्ड करा. गाण्याच्या कॉर्डमधला एकेक स्वर लांब धरा, गुणगुणा, कुजबुजत एक सप्तक खाली मुखडा गा. हे सगळं तुमचं पॅड आहे. धरलेला स्वर सॅम्पलरमध्ये टाका, एक सप्तक खाली आणा, फॉर्मंट (सूर तोच ठेवून आवाजाची जात बदलणारी सेटिंग) थोडा बदला, वरची धार फिल्टरने कापा, लांब रिव्हर्ब द्या, आणि कीबोर्डवर वाजवा. दुनियेतल्या कुठल्याही सिंथमध्ये हा साउंड मिळणार नाही कारण तो तुमच्या गळ्यातून आलाय, आणि तो मुख्य आवाजाशी इतका सहज मिसळतो की विचारू नका. मी तर कागदावरच्या सात साउंडपैकी पॅड कायम आवाजातूनच काढावा या मताचा आहे. डबल (मुख्य आवाजावर त्याच ओळीचा दुसरा थर) हवा असेल तर परत गाऊन घ्या, कॉपी-पेस्ट करून सरकवलेला डबल पोकळ लागतो.

अरेंजमेंटचा माझा नियम सोपा आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिला अंतरा आवाज आणि पियानो. मुखड्याला पॅड आला. दुसऱ्या अंतऱ्याला किक-बेस आला तर पियानो अर्धा करा, दोन्ही पूर्ण चालू ठेवले की झाली गर्दी. आणि शांतता वापरा, म्हणजे खरीखुरी शांतता, शेवटच्या मुखड्याआधी एक अख्खं आवर्तन सगळं बंद. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, रिव्हर्ब आणि डिलेची शेपटीसुद्धा ऑटोमेशनने (सॉफ्टवेअरमध्ये आखून ठेवलेल्या बदलाने) कापायला लागते, ती घुमत राहिली तर कानाला शांतता लागतच नाही आणि सगळी मेहनत वाया.

डिले वापरताना वेळ गाण्यातून काढा: ६०,००० भागिले बीपीएम. ७५ बीपीएमला एक मात्रा ८०० मिलीसेकंद, अर्धी ४००. सगळ्या ओळींवर डिले नको, ओळीच्या शेवटच्या शब्दावर तेवढा फेका.

मिक्समध्ये फार काही उरत नाही जर वरचं नीट झालं असेल तर. आवाजाला ८० हर्ट्झच्या खाली कट, पियानो आणि पॅडला त्याच्याही वरून कट, खालचा मजला फक्त किक आणि बेसचा, आणि तो मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच. कॉम्प्रेशन (मोठ्या जागा आपोआप दाबणं) हलकं, तीन-चार डीबी, त्यापेक्षा जास्त चढउतार असतील तर ओळी-ओळींचा व्हॉल्यूम हाताने सारखा करा, वेळखाऊ आहे पण फरक लगेच कळतो. रिव्हर्बला ३०-४० मिलीसेकंद प्री-डिले (रिव्हर्ब सुरू व्हायच्या आधीची गॅप) द्या म्हणजे शब्द पुढे राहतो आणि खोली मागे, आणि रिव्हर्बच्या आतही २००-३०० हर्ट्झच्या खालचं कापा नाहीतर चिखल होतो. सब बेस फोनच्या स्पीकरवर गायब होणार, म्हणून त्याला थोडं सॅच्युरेशन (हलकी खरखर) द्या, वरचे हार्मोनिक्स म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर तयार होतात आणि मूळ सूर वाजत नसला तरी कान तो भरून घेतो.

मास्टरिंगला (मिक्सनंतरच्या शेवटच्या हाताला) लाउडनेसच्या मागे लागू नका प्लीज. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणतं, ॲपलचं साउंड चेक उणे १६ वर, म्हणजे चेपून चेपून मोठं केलेलं गाणं शेवटी खालीच ओढलं जाणार आणि तुमचे चढउतार फुकट गेलेले असणार. ट्रू पीक (सिग्नलचं सगळ्यात उंच टोक) उणे १ डीबीवर ठेवा. चारही गाणी एका प्रोजेक्टमध्ये रांगेत लावून एकत्र मास्टर करा आणि आवाज चारही गाण्यांत सारखा जवळ वाटतोय ना ते बघा, पूर्ण गाण्याचा आकडा सारखा येण्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं. दोन गाण्यांमधली गॅप पण कानाने ठरवा, कुठे दोन सेकंद, कुठे मागचा कॉर्ड विरायच्या आत पुढचं सुरू.

रिलीजचं काम कोरडं आहे, पटकन सांगतो. डिस्ट्रिब्यूटर (गाणी स्ट्रीमिंग ॲपवर पोचवणारी सेवा) लागतो, प्रत्येक रेकॉर्डिंगला त्याची ओळख म्हणून १२ अक्षरी आयएसआरसी कोड लागतो (बहुतेक डिस्ट्रिब्यूटर देतातच), कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल चौकोनी. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट एडिटरना एकच गाणं पिच करता येतं (म्हणजे प्लेलिस्टसाठी सुचवता येतं) आणि ते रिलीजच्या किमान ७ दिवस आधी करा म्हणजे फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्येही येतं, तीन-चार आठवडे आधी केलं तर आणखी चांगलं. पिचसाठी ज्यात आवाज पहिल्या दहा सेकंदांत येतो ते गाणं द्या. दुसऱ्याच्या गाण्यातला तुकडा वापरला असेल तर परवानगी आधी, आणि कुणासोबत गाणं लिहिलं असेल तर किती टक्के कोणाचे हे रिलीजच्या आधीच लेखी करून ठेवा, मैत्री असली तरी, किंबहुना मैत्री असली तर जास्तच.

आणि अपलोड झाल्या झाल्या प्रत्येक गाण्याचे स्टेम्स (प्रत्येक साउंडची वेगळी फाइल) २४ बिट वेव्हमध्ये बाहेर काढा, आवाज इफेक्टसकट आणि इफेक्टशिवाय असा दोन्ही, एक इन्स्ट्रुमेंटल, एक नुसता आवाज, आणि दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. लाइव्ह वाजवायला, कुणी रीमिक्स मागितलं तर, किंवा प्लगइन अपडेट होऊन प्रोजेक्ट उघडेनासा झाला तर हेच कामाला येतात.