परदेशात पगार, गोव्यात घर : गृहकर्ज घेताना या चुका टाळा

माझे भावोजी दोह्याला नोकरी करतात. फोंड्यात सदनिका घ्यायची ठरली तेव्हा त्यांचा पगार बँकेला पसंत होता, हप्त्याचा हिशेबही बसत होता, आणि तरीही कर्ज तीन महिने अडले. मी त्यांचा मुखत्यार होतो. बँकेच्या वकिलांनी आमच्या कुलमुखत्यारपत्रातील (पॉवर ऑफ अॅटर्नीतील) एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्या ओळीत घर ‘विकत घेण्याचा व दस्त नोंदविण्याचा’ अधिकार होता. ते तारण ठेवण्याचा, कर्जाच्या करारावर सही करण्याचा आणि मूळ दस्त बँकेत जमा करण्याचा अधिकार मात्र कोठेही नव्हता. शिवाय माझ्या बहिणीचे नाव तिच्या पासपोर्टवर माहेरचे आहे आणि कुलमुखत्यारपत्रात सासरचे लिहिले होते. नवा कागद तयार होऊन येईपर्यंत विसारपावतीतील साठ दिवसांची मुदत टळली आणि विक्रेत्याने दीड लाख रुपये वाढवून मागितले, ते द्यावे लागले.

तेव्हापासून अशी अनेक प्रकरणे जवळून पाहिली. परदेशातील गोमंतकीयाचे कर्ज बहुतेक वेळा कागदांच्या क्रमामुळे अडते, कारण पगार चांगला असला की आपण आधी विसार देतो आणि नंतर कागद पाहू लागतो.

कुलमुखत्यारपत्र घाईत करणे

मसुदा बँकेकडूनच घ्यावा. प्रत्येक बँकेचा नमुना ठरलेला असतो आणि तो शब्दशः वापरला की वाद उरत नाही. परदेशात केलेले कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करता येते. ब्रिटन किंवा पोर्तुगालसारख्या देशांतून ते तेथील नोटरीकडून करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात मान्य होणारा सरकारी शिक्का, घेण्याचीही सोय आहे. कतार, कुवेत किंवा अमिरातीतून पाठविणाऱ्यांना मात्र वकिलातीचाच मार्ग सरळ पडतो. भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत या कागदावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. पाकीट घरी आले म्हणून देव्हाऱ्याच्या कपाटात जपून ठेवणारे आणि चार महिन्यांनी बाहेर काढणारे वडील मी पाहिले आहेत.

पती किंवा पत्नीची सही गृहीत धरणे

गोव्यात ही चूक सर्वांत महाग पडते आणि मुंबईतील किंवा बंगळूरमधील शाखेतून अर्ज भरणाऱ्यांना तिची कल्पनाही नसते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या येथील कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक असते आणि स्थावर मालमत्ता विकताना किंवा तारण ठेवताना दोघांची संमती लागते. त्यामुळे कर्जदार एकटा कमावत असला तरी बँक पत्नीला कागदावर आणतेच, आणि ती बरोबर परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र दोघांचेही लागते.

विक्रेत्याच्या बाजूने हाच नियम अधिक गुंतागुंत निर्माण करतो. वडिलोपार्जित घर विकणारी पाच भावंडे असतील, तर पाच सह्यांवर काम भागत नाही. प्रत्येकाच्या जोडीदाराची सही लागते, आणि त्यांतील एखादी वहिनी इंग्लंडमधील स्विंडनला, एखादा जावई बोटीवर असतो. वारसांची नावे इन्व्हेंटरीच्या (मृताच्या मालमत्तेच्या न्यायालयीन वाटपाच्या) कार्यवाहीतून किंवा वारसा-दस्तातून निश्चित झालेली नसतील, तर बँकेचा वकील फाईल पुढे सरकवत नाही. ‘सगळे घरचेच आहेत, नंतर सह्या करतील’ असे विक्रेत्याने सांगितले की विसाराची रक्कम खिशातच ठेवावी.

याच्या जोडीला नावांचा घोळ असतो. जुन्या पोर्तुगीज कागदांत शेणवी हे सिनाय होतात, कामत हे कामोतिम, प्रभू हे पोरोब. आजोबांच्या दस्तातील, एक-चौदाच्या (जमिनीच्या हक्कनोंदीच्या) उताऱ्यातील आणि आजच्या पासपोर्टवरील नाव एकाच माणसाचे आहे, हे प्रतिज्ञापत्राने सिद्ध करावे लागते. हे काम अर्जापूर्वी केले तर आठवड्याचे असते, अर्जानंतर तेच महिन्याचे होते.

जमिनीचा प्रकार न पाहणे

मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून पेडण्यातील भूखंडांच्या जाहिराती आखातातील फोनवर दररोज येतात. त्या पाहताना एक गोष्ट आधी मनात ठेवावी : परदेशस्थ भारतीयाला आणि ओसीआय कार्डधारकाला (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला) भारतात घर किंवा व्यापारी जागा घेता येते, पण शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, खरेदी मात्र नाही. भातशेतीच्या बाबतीत गोव्याचा २०२३ चा स्वतंत्र कायदाही आहे, जो शेतकरी नसलेल्याला ती हस्तांतरित करण्यास आडवा येतो. म्हणून ‘काजूची बाग आहे, पुढे रूपांतर होईल’ या आश्वासनावर पैसे देणे म्हणजे दुहेरी धोका : व्यवहारच बेकायदा ठरतो आणि बँक अशा जमिनीवर गृहकर्ज देत नाही.

भूखंड असेल तर रूपांतराची सनद आणि नगर व ग्राम नियोजन खात्याचा झोनिंगचा दाखला, बांधलेले घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, आणि दोन्ही बाबतीत उपनिबंधकांकडील बोजा नसल्याचा दाखला, एवढे तरी प्रथम मागावे. एक-चौदाचा उतारा स्वतः वाचावा. कब्जेदाराचे नाव जुळले की बहुतेक जण कागद घडी घालून ठेवतात. खरी गोष्ट कुळाच्या आणि इतर हक्कांच्या रकान्यात असते. तेथे मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे, नाव असेल तर त्याचे घर त्या जमिनीवर कायद्याने संरक्षित आहे, आणि ही नोंद मोकळी झाल्याशिवाय बँकेचा वकील स्पष्ट मालकीचा अभिप्राय देणार नाही. कोमुनिदादीची (गावाच्या जुन्या सामाईक संस्थेची) जमीन असेल तर मूळ अफोरामेंतो (कायमचा भाडेपट्टा) कोणाच्या नावे, कोणत्या अटींवर झाले, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हप्त्याचा पैसा चुकीच्या खात्यातून भरणे

परदेशी गेल्यावर जुने साधे बचत खाते एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासींच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या खात्यात, बदलून घ्यावे लागते. अनेकांनी ते वर्षानुवर्षे तसेच ठेवलेले असते आणि पगार त्यातच येत असतो. कर्जासाठी त्या खात्याचे विवरणपत्र दिले की चूक बँकेच्या टेबलावर आपण होऊन मांडली जाते.

कर्ज रुपयांत मिळते. हप्ता परदेशातून बँकेमार्फत आलेल्या रकमेतून, एनआरई (परदेशी कमाईचे रुपयांतील खाते), एफसीएनआर (परकीय चलनातील ठेव) किंवा एनआरओ खात्यातून, तसेच त्या घराच्या भाड्यातून भरता येतो. भारतातील जवळचा नातेवाईकही कर्जखात्यात परस्पर रक्कम भरू शकतो. कायदेशीर असले तरी या शेवटच्या सवलतीवर सर्व भार टाकू नये, असे माझे मत आहे. मुलगा वडिलांच्या खात्यात पैसे पाठवतो, वडील हप्ता भरतात. घरात हिशेब चोख असतो, पण कागदावर घर वडिलांच्या पैशांनी फिटलेले दिसते. उद्या घर विकून रक्कम परदेशात न्यायची वेळ आली तर खरेदीचे पैसे आणि हप्ते एनआरईतून किंवा थेट परदेशातून आले होते, याचा पुरावा लागतो. तो असेल तर तेवढी रक्कम, जास्तीत जास्त दोन निवासी घरांच्या बाबतीत, परत नेता येते. अन्यथा पैसा एनआरओमध्ये जमा होतो आणि तेथून कर भरून, आर्थिक वर्षात १० लाख डॉलरच्या मर्यादेत बाहेर जातो.

स्वतःच्या रकमेचा कमी अंदाज

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतचे कर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांचे ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढचे ७५ टक्क्यांपर्यंत देता येते. या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क सहसा धरले जात नाही. म्हणजे ८० लाखांच्या घराला जास्तीत जास्त ६४ लाख मिळतील. १६ लाख आणि नोंदणीचा सर्व खर्च आपला. बँकेच्या मूल्यांकनात किंमत कमी निघाली तर हा आकडा आणखी वाढतो.

बोटीवरच्यांचा अर्ज रजेत

जहाजावरची नोकरी करार ते करार अशी चालते. रजेवर घरी आलो आहोत तोवर कर्जाचे काम उरकू, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण पुढच्या कराराचे पत्र हातात नसताना केलेल्या अर्जात बँकेला उत्पन्न दिसतच नाही. सीडीसी (खलाशाचे सेवापुस्तक), मागील करारांची पत्रे आणि एनआरई खात्याची विवरणपत्रे सलग लावून ठेवावीत. क्रूझवर रोखीने मिळालेल्या टिपा खात्यात आल्या नसतील तर त्या उत्पन्नात धरल्या जात नाहीत, हे अनेकांना उशिरा कळते.

पोर्तुगीज पासपोर्ट आणि मधला काळ

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला आहे, आणि तो घेतलेली कुटुंबे डिचोली-फोंड्यातही आहेत. परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय कार्ड हाती येईपर्यंत ती व्यक्ती परदेशस्थ भारतीयही नसते आणि कार्डधारकही नसते, त्यामुळे त्या काळात केलेली खरेदी अडचणीत येते. जुना भारतीय पासपोर्ट दाखवून कर्ज मंजूर करून घेण्याचा सल्ला देणारे मध्यस्थ आहेत. त्यांचे ऐकू नये. भारतीय असताना घेतलेले घर मात्र आपलेच राहते.

कर आणि पॅन

विक्रेता निवासी असेल आणि किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर खरेदीदाराने १ टक्का कर कापायचा असतो. विक्रेता परदेशस्थ असेल तर ५० लाखांची ही सवलत नाही आणि दर बराच अधिक असतो, म्हणून पाच भावंडांतील आणि त्यांच्या जोडीदारांतील कोण निवासी, कोण परदेशी, हे प्रत्येकाचे स्वतंत्रपणे विचारावे. कापला नाही तर जबाबदारी खरेदीदाराची. घर भाड्याने दिले तर समाईक मालमत्तेच्या नियमामुळे भाड्याचे उत्पन्न पती-पत्नीच्या विवरणपत्रांत निम्मे निम्मे दाखवावे लागते. पुण्यातील करसल्लागाराला हे आपणच आठवण करून द्यावे. पॅन आधारशी जोडलेले नसेल तर आयकराच्या संकेतस्थळावर आपला अनिवासी दर्जा नोंदलेला आहे का, तेही पाहावे. तो नसल्याने निष्क्रिय झालेल्या पॅनवर अर्ज तिथेच थांबतो.

मूळ दस्तांची यादी न घेणे

बँकेत मूळ दस्त जमा करताना प्रत्येक कागदाचे नाव, तारीख आणि पृष्ठसंख्या असलेली पोच घ्यावी, विशेषतः जुने पोर्तुगीज भाषेतील कागद असतील तर. ‘इतर कागदपत्रे’ अशी एक ओळ लिहून दिली तर ती स्वीकारू नये. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ दस्त परत देणे बँकेवर बंधनकारक आहे आणि बँकेच्या कारणाने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. पण ते घ्यायला शाखेत जाणार कोण, हेही कुलमुखत्यारपत्रात लिहिलेले असावे लागते. भावोजींच्या दुसऱ्या कागदात ती ओळ मी हट्टाने घालून घेतली. कर्जाची अजून अकरा वर्षे बाकी आहेत आणि पोचपावतीची प्रत माझ्याकडे आहे.