रणगाड्याचं मॉडेल करायचंय? आधी चाकं मोजा

टँकचं पहिलं किट सगळेच डब्यावरचं चित्र बघून घेतात, मीपण तसंच घेतलं. चित्रात धुरळा उडवत येणारा टायगर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा, होता आणि डबा उघडल्यावर आत चाकंच चाकं. टायगरला एका बाजूला आठ ॲक्सल, आणि सुरुवातीच्या टायगरमध्ये प्रत्येक ॲक्सलवर तीन चाकं, तीपण शेजारच्या चाकांत घुसवलेली, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ४८. प्रत्येक चाक कापा, कापलेली जागा घासा, कडेचं रबर रंगवा. तिसऱ्या संध्याकाळी मी विसाव्या चाकावर होतो, मग डबा कपाटावर गेला तो दीड वर्ष खाली आलाच नाही. तेव्हापासून कोणी विचारलं की मी एकच सांगतो, आधी चाकं मोजा, मग साखळी बघा, तोफ-बिफ सगळं नंतर.

या हिशोबाने पहिल्या किटसाठी टी-३४ नाहीतर टी-५५ हे रशियन टँक मस्त. एका बाजूला पाचच मोठी चाकं, आणि वरची साखळी तोलणारे छोटे रोलर नाहीतच, साखळी सरळ चाकांच्या डोक्यावर लोळते. अमेरिकन शर्मनला एका बाजूला चाकं सहाच, पण ती दोन-दोनच्या जोड्यांत बसवलेली असतात आणि त्या एकेका जोडीचे बारीक तुकडे जुळवताना जीव जातो, म्हणून शर्मन दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला ठेवा. टायगर, पँथर हे जर्मन टँक आवडतात हे मान्य, कुठे पळून नाही जात ते.

स्केलचं म्हणाल तर टँकमध्ये १/३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं मॉडेल, सगळ्यात जास्त चालतं. हा विचित्र आकडा आला कुठून, तर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला टामिया या जपानी किट कंपनीने मोटरवर चालणारा पँथर काढला, आत बॅटऱ्या आणि मोटर मावतील एवढा आकार धरला, नंतर मोजलं तर ते साधारण १/३५ निघालं, आणि बाकीच्या कंपन्यापण त्याच मागे गेल्या. टी-३४-८५ तोफेसकट आठ मीटरच्या थोडा वर, म्हणजे १/३५ मध्ये २३ सेंटीमीटर आणि १/७२ मध्ये साधारण ११. छोटं म्हणजे सोपं असं वाटतं पण तसं नाही, १/७२ चे हुक आणि हँडल चिमट्यातून उडाले की गेलेच. जागा कमी असेल तर १/४८ बघा.

आता साखळी, म्हणजे ट्रॅक. तीन प्रकार असतात. एक रबरासारखा अखंड पट्टा. दुसरा, सरळ भागाला लांब पट्ट्या आणि वळणावर सुट्या कड्या. तिसरा, सगळ्याच कड्या सुट्या, टी-३४ ला एका बाजूला सत्तरच्या आसपास. पहिल्यांदा पहिला किंवा दुसरा घ्या, तिसरा दिसला की डबा परत ठेवा. आतलं इंजिन आणि सीटा दाखवणारं फुल इंटिरिअर किट, फोटोएच, म्हणजे पितळी पत्र्यातून कोरलेल्या नाजूक भागांचा ढीग असलेलं किट, तेपण आत्ता नको. अजून एक, डबा नवा म्हणजे किट नवं असं नसतं, कंपन्या कित्येक वर्षांपूर्वीचा साचा नव्या चित्रात घालून विकतात. मला असं एक मिळालं होतं, टरेटच्या, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या घुमटाच्या, दोन भागांत नख जाईल एवढी फट. स्केलमेट्स साईटवर किटचं नाव टाकलं की साचा कधीचा ते कळतं, दोन मिनिटांचं काम आहे.

हत्यारं जास्त लागत नाहीत. चांगला निपर (तुकडे कापायची छोटी पक्कड), धारदार हॉबी नाइफ, चिमटा, ४०० पासून १००० नंबरपर्यंतचा सँडपेपर, पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचं द्रव), थोडा सुपरग्लू. पैसे घालायचेच तर निपरवर घाला. कापताना तुकड्याला चिकटून कापू नका, थोडं अंतर ठेवून एकदा कापा, मग उरलेला ठोंब चाकूने काढा आणि घासा, नाहीतर प्लास्टिक पांढरं पडतं नाहीतर खड्डा पडतो. त्याआधी स्प्रू, म्हणजे तुकडे ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात ती, कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवून वाळवा, साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही.

पातळ सिमेंटबद्दल जरा जास्त बोलतो कारण इथेच सगळे फसतात. हे गोंदासारखं चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवून दोन तुकडे एक करतं. म्हणून लावून मग जोडायचं नाही, आधी दोन तुकडे कोरडेच जुळवून धरा आणि ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवा, ते आपोआप आत पळतं. आणि ते जिथे पळतं तिथे तुमचा अंगठा नको. माझ्या एका टी-३४ च्या पुढच्या उतरत्या पत्र्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा आहे, रेषान् रेषा दिसते, घासला, पुट्टी भरली, तरी तिरप्या उजेडात दिसतोच. जोड घासायचा असेल तर एक दिवस जाऊ द्या, मऊ असताना घासलं की नंतर तिथे खाच पडते. खिडकी उघडी ठेवा, वासाने डोकं धरतं.

सूचनापत्रक खालच्या हलपासून, म्हणजे टँकच्या धडापासून, सुरू होतं, तसंच करा. चाकांचे आर्म चिकटवले की सिमेंट मऊ असतानाच चाकं तात्पुरती अडकवून टँक आरशावर ठेवा, सगळी चाकं टेकतायत का बघा. एक चाक जरी हवेत राहिलं तरी पन्नास टनी वाटायला हवं ते खेळणं वाटतं. तोफेची नळी दोन अर्ध्यांत असेल तर जोडाची रेष घालवायलाच पाहिजे, पण एकाच जागी घासू नका, नळी चपटी होते, सँडपेपर बोटाभोवती धरून गोल गोल फिरवा. टरेट चिकटवायचं नाही, फिरतं ठेवा. चाकं आणि साखळीपण अजून सुटीच राहू द्या, रंगानंतर बसवू.

रंगाआधी प्रायमर, पातळ थर. स्प्रे कॅन असेल तर २०-३० सेंटीमीटरवरून, हात चालता ठेवून, आणि फवारा टँकच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. दमट दिवशी फवारू नका, रंगावर पांढुरकी झाक येते. ब्रशने करणार असाल तर ॲक्रिलिक पातळ करून दोन-तीन हात द्या, पहिला हात घाणेरडाच दिसतो, घाबरू नका. मूळ हिरव्यापेक्षा किंचित उजळ हिरवा घ्या, लहान वस्तूवर तोच रंग जास्त गडद दिसतो. चाकांच्या रबराला सोपी युक्ती, चाक टूथपिकवर घट्ट बसवा, काळसर राखाडी रंगाचा ब्रश कडेला स्थिर धरा आणि टूथपिक फिरवा. ब्रश हलवायचा नाही, चाक फिरवायचं, रेष गोल येते.

मग ग्लॉस वार्निश, कारण डिकल, म्हणजे आकडे-खुणांचे पातळ स्टिकर, मॅट रंगावर लावले की खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. डिकल वाळले की वॉश, म्हणजे गडद तपकिरी इनॅमल खूप पातळ करून रिव्हेट आणि खाचांभोवती टेकवायचा, वीसेक मिनिटांनी टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या ब्रशने वरून खाली ओढून जादाचा पुसायचा. खाली ॲक्रिलिक नीट वाळलेला असला की टर्पेंटाइन त्याला सहसा काही करत नाही, पण तळं साचू देऊ नका, उघड्या प्लास्टिकच्या सांध्यात गेलं तर तडकू शकतं. वर मॅट वार्निश.

रंग उडाल्याचे ओरखडे काढताना मात्र हात आवरा. १/३५ वर एक मिलीमीटरचा टिपका म्हणजे खऱ्या टँकवर साडेतीन सेंटीमीटरची खपली. स्पंजचा तुकडा गडद तपकिरीत बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करा आणि फक्त हॅचच्या, म्हणजे आत उतरायच्या झाकणांच्या, कडांना, जिथे बूट घासतात तिथे टेकवा. चिखलाचंपण तेच, तीन मिलीमीटरचं ढेकूळ म्हणजे दहा सेंटीमीटरचा धोंडा होतो, म्हणून बारीक पिगमेंट, म्हणजे कोरडी रंगाची पूडच, वापरा.

आता चाकं आणि साखळी. रबरी पट्ट्याला साधं सिमेंट बहुतेक वेळा धरत नाही, आत ज्या खुंट्या बाहेर येतात त्यांची डोकी तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने दाबून चपटी करा, आणि तो जोड चाकांच्या वर नाहीतर मडगार्डखाली लपवा. टी-३४ ची साखळी ताठ ठेवली की लगेच खोटी वाटते, प्रत्येक चाकाच्या डोक्यावर सुपरग्लूचा थेंब द्या आणि मधे कापसाचे बोळे कोंबून ती खाली दाबून धरा, तासाभराने बोळे काढा.

अँटेना सगळ्यात शेवटी. उरलेला स्प्रू मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नाही, धरून फिरवत राहा, मऊ पडून लवायला लागला की बाजूला घेऊन दोन्ही टोकं ओढा, केसासारखी तार निघते. चार-पाच एकदम ओढून ठेवा, कारण पहिली तुमच्याच बाहीला अडकून मोडणार आहे.