तपकिरीची चिनी बाटली: कोरलेली की साच्यातली, कसं ओळखायचं

आमच्या आज्जीची तपकिरीची डबी पत्र्याची होती, त्यामुळे सांगलीत मित्राच्या माळ्यावर बोटभर उंचीची चिनी मातीची बाटली निघाली तेव्हा सगळे म्हणाले अत्तराची असेल. मी बूच काढलं तर खाली बारीक चमचा, म्हणजे तपकिरीचीच की!

आता बघायचं कसं, तर भिंग घ्या आणि उजेड बाजूने पाडा. साच्यातून काढलेल्या नक्षीच्या कडा गुळगुळीत, गोलसर दिसतात, लोण्यासारख्या. हाताने कोरलेलीत कडा धारदार असतात, आणि पानाच्या, ढगाच्या खालूनसुद्धा माती काढलेली असते, तिथे नख अडकतं (हळू हं, तुटेल). असं काम १९व्या शतकात चीनमधल्या जिंगडेजेन या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावी चेन गुओझी आणि वांग बिंगरोंग या कारागिरांनी केलं, भाजायच्या आधीच कोरायचं, मग कधी पिवळा किंवा हिरवा एकरंगी लेप (काचेसारखा चकचकीत थर) द्यायचा नाहीतर बिनलेपाचंच ठेवायचं, हस्तिदंतासारखं दिसावं म्हणून.

बुडाशी कधी कारागिराचं नाव असतं, पण नाव बघून लगेच उड्या मारू नका, ते नंतर कुणीही कोरू शकतं, आधी काम बघा.

साफ करताना चिंच, राख, घासणी अजिबात नको, पितळी तांब्या नाहीये तो. मऊ कोरड्या ब्रशने फक्त धूळ काढा. बिनलेपाची असेल तर तेलाचा हातही नको, डाग आत मुरला की निघत नाही, आमच्या मित्राने आधीच खोबरेल चोळून ठेवलेलं 🤦