आवडत्या गाण्याचा व्हिडिओ मनातल्या मनात कसा बनवायचा

आधी हेडफोन लावा, डोळे मिटा आणि गाणं तीनदा ऐका, एकदा नुसतं, एकदा ठेक्याकडे आणि एकदा शब्दांकडे लक्ष देऊन. मी 'मी डोलकर' घेतलं, शांताबाई शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल, हेमंतकुमार आणि लताबाईंचा आवाज, अजून काय पाहिजे! आता महत्त्वाचं, शब्दात जे आहे तेच लगेच दाखवू नका. डोलकर म्हणजे डोल जाळ्यानं मासे धरणारा, म्हणून मला आधी समुद्र नाही तर ओट्यावर जाळं दुरुस्त करणारे म्हातारबाबा दिसले, फक्त त्यांची बोटं, दोऱ्यात अडकलेलं एक खवलं चमकतंय, आणि कोरस उठला की तेव्हा कुठे कॅमेरा वर जातो नि मागे होड्या दिसतात.

मग कागदावर सेकंद लिहा. मिनिटाला 120 ठोके असतील तर चार ठोके म्हणजे 2 सेकंद, तेवढ्यात एक शॉट मस्त बसतो, पण प्रत्येक ठोक्याला कट नको हां, बघणाऱ्याला काहीच धड दिसत नाही. मधल्या म्युझिकला माणसं नको, जागा दाखवा, वाळत घातलेले बोंबील वगैरे. आणि शेवटचा शॉट लवकर ठरवा, बाकीचे जुळवायला सोपे जातात. माझा ठरलाय, बाबा शेवटची गाठ मारतात आणि गाणं संपतं.